हरवली आहे : एक निळी फाइल

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आई तर शेवटच्या आजारात माझा हात धरून विचारत होती, "काही मनात हाय काय वं तुह्या?" आणि मी "काही नाई" म्हणाले. खरं म्हणजे त्या वेळी मला ते आठवतही नव्हतं. आपण असं काही करतो आणि मग वर्षानुवर्षं ते आठवतच नाही, असं तुमचं कधी झालंय का?

आधीच सांगून टाकते, मी दुःखी बाई नाही. रोज सकाळी अंगणवाडीत जाते, वीस-बावीस पोरं "बाई, बाई" करत अंगावर येतात, थोड्या वेळानं खिचडीचा वास सुटतो. नवरा शांत माणूस आहे, परसात वांगी लावतो आणि ती जगातली सगळ्यात चांगली वांगी आहेत असं रोज सांगतो. जेवण गोड लागतं, झोप लागते. कबुली द्यायला बसलेली बाई थोडी तरी झुरलेली असावी, असं तुम्हाला वाटत असेल. मी झुरले नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

पण आधी फळ्याबद्दल सांगायला हवं. फळा नसता तर —

नाही, फळ्याचा काय दोष. सांगते.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढे, जंगलात. बुधवारी बाजार भरतो आणि दिवसातून दोनदा बस थांबते, एवढ्यावर आजूबाजूच्या टोल्यांतले, दहा-वीस घरांच्या वस्त्यांतले, लोक त्याला शहर समजतात, आणि आम्हीही समजू देतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बस थांबते तिथेच समोर, सिमेंटचा एक काळा फळा आहे. तेव्हा मोबाईल नव्हते. पेपर यायचा तो दुपारच्या बसनं, आणि त्यात आमच्या गावाबद्दल काही नसायचंच. गावाला काही सांगायचं असेल तर ते त्या फळ्यावर. माझं अक्षर चांगलं म्हणून नववीत असतानाच सरपंचभाऊंनी माझ्या हातात खडू दिला. लोक आपल्या बोलीत सांगायचे, मी ते पुस्तकी करून लिहायची. "बकरी हरवली आहे. रंग काळा. सापडल्यास आणून द्यावी, कापू नये." "जुनी सायकल विकणे आहे. ब्रेक नाहीत, बाकी चांगली." "रविवारी तेरवी आहे. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांनीही जेवायला यावे." मला फार आवडायचं ते काम. बसमधून उतरणारा माणूस सामान खाली ठेवायच्या आधी मान वर करून माझं अक्षर वाचायचा. दहावीत गणितात दोनदा नापास झालेल्या मुलीला आणखी काय हवं असतं?

अंगणवाडी सेविका पाहिजे, ही सूचनासुद्धा मीच लिहिली. गावातली रहिवासी महिला हवी, दहावी पास असल्यास प्राधान्य. "प्राधान्य" लिहिताना माझा हात जरा अडखळला, ते आठवतं.

अर्ज दोघींचेच गेले. माझा आणि सुलूचा.

सुलू — सुलोचना — तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातली, माझी मैत्रीण. तिचे वडील तलावात जाळं टाकायचे, शिंगाडे लावायचे. ती आरमोरीला मामाकडे राहून दहावी झाली होती, पहिल्याच खेपेला. गाणी म्हणायला लागली की रडणारं पोर गप्प बसायचं. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर याच उन्हाळ्यात लगन. तिला लग्न नको होतं असं नाही. तिला ती नोकरी हवी होती. मला ते पक्कं माहीत होतं, कारण तिनं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं नव्हतं.

अर्ज भरून घ्यायला ती माझ्याकडेच आली. सगळं गाव यायचं, ती का येणार नाही? निळ्या प्लास्टिकच्या फाइलीत तिचे कागद होते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. तिचे मार्क मी माझ्या हातानं अर्जात उतरवले. एकट्या गणितात तिला जेवढे होते, तेवढे माझे दोन्ही वेळचे मिळूनही होत नव्हते. मग बसचा हॉर्न वाजला. तिला मामाकडे लग्नाला जायचं होतं आणि जाता जाता धानोऱ्याला अर्ज द्यायचा होता. अर्ज पिशवीत कोंबून ती धावली. फाइल आमच्या ओसरीवर जुन्या पेपरांच्या खाली राहिली.

दुसऱ्या दिवशी ती फाइल मला दिसली. सुलू आली की देऊन टाकू, असंच मनात आलं — हे अगदी खरं आहे. उंदीर कुरतडतील म्हणून मी ती उचलून धानाच्या ढोलीमागे, उंच फळीवर ठेवली. तोपर्यंत मी चांगली बाई होते.

शुक्रवारी सुलू परत आली ती थेट माझ्या दारात. चेहरा उतरलेला, केस विस्कटलेले. "इंदे, माही फाइल हारपली वं! बसमंदीच पडली असन. सोमवारी मुलाखत हाय, आता मी काय दाखवू?" आरमोरीची शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद. दुसरी प्रत काढायची तर महिना तरी जाणार. ती बोलत होती आणि मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं, की थांब, वेडे, इथेच आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "रडू नोको. फळ्यावर लिहू."

असं कसं निघालं? मी कितीदा स्वतःला विचारलं असेल? खरं सांगू — फार वेळा नाही विचारलं. उत्तर मला माहीत होतं. अंगणवाडीची खोली नुकतीच चुन्यानं रंगवली होती. मी खिडकीतून आत डोकावून आले होते. कुठल्या भिंतीवर अक्षरं काढायची, पोरांना कुठे बसवायचं, सगळं ठरवून आले होते. ती खोली मला हवी होती. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा काय वाटत होतं तेवढंच सांगते.

आम्ही दोघी फळ्यापाशी गेलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "हरवली आहे : निळी फाइल. आत दहावीची मूळ कागदपत्रे. सापडल्यास कृपया सुलोचना, तलाव मोहल्ला, यांना द्यावी." 'मूळ' हा शब्द मोठा कर म्हणाली. मी मोठा केला, खाली रेघही ओढली. अक्षर छान आलं होतं त्या दिवशी.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. गाव पहाटेच पानं तोडायला जंगलात जायचं आणि उन्हं चढली की डोक्यावर गठ्ठे घेऊन परतायचं. सुलू रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, निळं काही दिसलं का. मग ती रस्त्यानं शोधत निघाली. भर मे महिन्यात, पायी. मीही गेले तिच्यासोबत. एका कोरड्या नाल्यात उतरून मी पालापाचोळा हातानं बाजूला करून पाहिला, नीट, वाकून. सुलू वरून म्हणाली, "राहू दे इंदे, हात कापन तुहा."

सोमवार गेला. नोकरी मला लागली.

आठ-दहा दिवसांनी मी फाइल घेऊन तिच्याकडे गेले. सकाळी फळा पुसायला गेले तर खाली ठेवलेली होती, कोण ठेवून गेलं काय माहीत, असं सांगितलं. तिनं आधी फाइल छातीशी धरली आणि मग मला. ओंजळभर वाळवलेले शिंगाडे माझ्या पदरात घातले. आणि नंतर अख्ख्या गावाला सांगत सुटली, की इंदूच्या फळ्यानं माझे कागद आणून दिले, उशिरा का होईना. सगळ्यांनी ते मानलं. तेव्हापासून गावात कोणाला काही सापडलं की ते फळ्यापाशी येऊ लागलं. तेंदूपत्त्याच्या मुनीमाचं घड्याळ आलं. तलावात अंघोळ करताना पडलेलं कोणाचं तरी जोडवं आलं, चांदीचं, आणि ठेवणाऱ्यानं नावही सांगितलं नाही. माझं खोटं ऐकून लोक प्रामाणिक झाले. हसू येतं ना? मलाही येतं. काय करू, येतं.

सुलूचं लग्न त्याच जेठात झालं, आमच्याच गावात, मोहल्ल्यातल्या जाळेवाल्याशी. माणूस वाईट नाही. बुधवारी ती बाजारात मासळीची टोपली घेऊन बसते, मरळ आणि झिंगे विकते. थंडीत तिच्या हातांना भेगा पडतात. तिच्या दोन्ही पोरी माझ्याच अंगणवाडीत वाढल्या. पंधरा ऑगस्टला मी तिला मुद्दाम बोलावते. ती गाणं म्हणते तेव्हा पोरं जशी बसतात, तशी माझ्यासमोर ती एकदाही बसलेली नाहीत. मी दाराशी उभी राहून ऐकते. त्या खोलीत कोण असायला हवं होतं, हे त्या वेळी अगदी स्वच्छ दिसतं. गाणं संपलं की मी टाळ्या वाजवते आणि खिचडी वाढायला घेते.

एवढं सगळं मी पोटात ठेवून मजेत राहिले. मग मागच्या महिन्यात सुलू घरी आली. मोठीचा दहावीचा निकाल लागला होता, पोरगी चांगल्या मार्कांनी पास. गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. "हे तुह्याजवळच राहू दे इंदे," ती म्हणाली. "माह्या घरी पाणी गयते. तुह्याजवळ कागद हारपत नाई." मी हात पुढे केला आणि घेतली. चहा टाकला. ती गेल्यावर गुणपत्रिका ठेवायला मी उंच फळी शोधू लागले. आणि ज्याबद्दल इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते, ते आठवलं.

कारण मघाशी मी तुम्हालाही चकवलं. सोमवार गेला, एवढंच म्हणाले. सोमवारी काय झालं ते गाळलं.

सुलू मुलाखतीला आली होती. रिकाम्या हातानं, पण धुतलेलं पातळ नेसून, माझ्याच शेजारी बसमध्ये बसून. धानोऱ्याला मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी आम्हाला दोघींना एकदमच आत बोलावलं. सुलूनं सगळं सांगितलं, न रडता. साहेब भला माणूस होता. त्यांनी तिचा अर्ज पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच गावच्या ना? ही खरंच दहावी पास आहे का? तुम्ही पाहिले आहेत का हिचे कागद? तसं असेल तर मी हिला महिनाभर मुदत देतो." त्यांना माझ्या एका शब्दाची गरज होती. तो अर्ज माझ्याच अक्षरातला होता, त्यांच्या समोर टेबलावर पडलेला. फाइलीबद्दल काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं 'हो साहेब' म्हटलं असतं तरी फाइल चोरूनसुद्धा मी सुलूला तिची नोकरी परत देऊ शकत होते.

मी म्हणाले, "मले नाई माईत, साहेब."

सुलू माझ्याकडे पाहत होती. मी टेबलाकडे पाहत होते.

परतीच्या बसमध्येही ती माझ्याच शेजारी बसली. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं असंही वाटलं असेल मला, सांगता येत नाही. गाव जवळ आलं तेव्हा तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तू भेली ना वं साहेबाले? मले समजलं. इतक्या मोठ्या माणसासमोर कोनीबी भेते."

मी हो म्हणाले.

मी भ्याले नव्हते.