विमान वाढवा

विमान उतरलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं काम अजून संपलेलं नव्हतं. विमान जमिनीवरून चालवायचा ट्रान्समीटर माझ्या यजमानांच्या हातात होता. त्यांची नजर विमानावरून हलता कामा नये, म्हणून बाकी सगळं बघायचं ते मी: वारा, रस्त्यावर आलेलं जनावर, चाकं खाली आली की नाही, धूर. त्यांच्या डाव्या खांद्यामागं उभं राहून मी सांगायचं आणि त्यांनी करायचं.

जिंतूरच्या बाहेर वळणरस्त्याचा एक तुकडा अजून रहदारीला खुला झालेला नव्हता. तिथं उडवायची परवानगी मीच खेटे घालून काढली होती. शाळेच्या कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर कुठल्या टेबलावर कुठला कागद आधी लागतो हे कळतं. पाणी, सतरंजी, सुटे स्क्रू, गाळून घेतलेलं रॉकेल, आग विझवायचं सिलिंडर, सगळं माझ्या यादीप्रमाणं गाडीत चढलं होतं. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते.

विमान म्हणजे खेळणं नव्हे. खऱ्या लढाऊ जेटची हुबेहूब प्रतिकृती, आमच्या दिवाणापेक्षा लांब, पोटात रॉकेलवर चालणारं खरं टर्बाइन. यजमान तंत्रनिकेतनात शिकवतात. कॉलेजातून आले की वरच्या खोलीत. परभणीच्या उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नाही, पण ते बसायचे. रिव्हेट माझे होते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये गोंद भरायचा आणि पंखावर ओळीनं एकेक थेंब सोडायचा. वाळला की रंगाखाली अगदी लोखंडी रिव्हेट वाटतो. शेजारीण म्हणायची, “काय करायलात बाई एवढं वाकून? रांगोळी का?”

त्या दिवशी यजमानांना एकच हवं होतं: विमान उडावं आणि सबंध घरी यावं. त्याचा सांगाडा आता कुणी बनवत नाही. एकदा गेला की गेला.

ते उडालं. आधी बारीक शिट्टी, मग रानभर घुमणारा आवाज, आणि कपाशीच्या शेतांवरून ते असं वळलं की संभाजीनगरहून आलेले यजमानांचे दोन मित्रसुद्धा माना वर करून बघत राहिले. ते दोघंही जेट उडवणारे. उतरताना चाकं जरा आपटली. विमान पुन्हा सरळ झालं आणि आमच्याकडं हळूहळू चालत येऊ लागलं, तेव्हा मला शेपटीखाली ज्योत दिसली. आपटल्यानं आतली नळी निसटली होती, रॉकेल पोटात झिरपलं होतं.

अशा वेळी म्हणायचा शब्द ठरलेला होता: बंद. मीच ठरवला होता. सरावात यजमान एकदा ‘बास’ म्हणाले तर मी त्यांना चांगलं सुनावलं होतं, की शब्द ठरला तो ठरला, ऐन वेळी माणसाला अर्थ लावायला वेळ नसतो.

आणि मी ओरडले, “वाढवा! अहो, वाढवा!”

सोनपेठला माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आमच्याकडं दुकान कधी बंद केलं नाही, वाढवलं. दिवा विझवला नाही, वाढवला. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली. जे संपू नये असं वाटतं, त्याला संपलं म्हणायचं नाही. मी या गोष्टी मानत नाही. घरात सासूबाई ‘दिवा वाढव’ म्हणाल्या की मी मुद्दाम ‘बंद करते’ म्हणते. पण ती ज्योत दिसली आणि तोंडातून बाहेर आला तो वडिलांच्या दुकानातला शब्द.

यजमानांनी वाढवलं. ट्रान्समीटरवरची वेगाची दांडी पुढं गेली. टर्बाइन लगेच उसळत नाही, क्षणभर थांबतं आणि मग ओढ घेतं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात येऊन त्यांनी ते बंद केलं, पण विमान माझ्यापासून लांब पळालेलं होतं, मी सिलिंडर घेऊन मागं. रस्त्याकडेच्या मुरुमात ते नाकावर बसलं. मी पोचेपर्यंत शेपूट काळी पडून वाकली होती.

जवळच मेंढरं घेऊन एक बाई थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“बाई, तुमी वाढवा म्हणल्या, त्यांनी वाढवलं,” ती म्हणाली. “लय ऐकणारा नवरा हाय. आमचा असता तर उलटंच केलं असतं, अन् इमान वाचलं असतं.”

मित्र हसले. मीही हसले. यजमान हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून वितळलेल्या शेपटीवरून बोट फिरवत होते.

“असू दे,” ते म्हणाले. “तू काय मुद्दाम केलंस का.”

गोष्ट आमच्या आधी परभणीत पोचली. कार्यालयात संध्याकाळी कुणीतरी विचारायचंच, “मॅडम, पंखा वाढवू का?” ते मी सोसलं. मीही त्यांच्या चुका अशाच काढल्या आहेत.

जळालेल्या शेपटीच्या जागी यजमानांनी स्वतः साचा करून नवी बसवली. त्यात हिवाळा गेला. उडवायचा दिवस जवळ आला तेव्हा जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, “सिलिंडर तुमच्याकडंच राहू द्या. बोलायला ह्या खेपेला एका मित्राला उभं करतो. चालंल ना तुम्हाला?”

लग्नापासून त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चालेल म्हणाले आणि भाजी वाढली.

दुसऱ्या खेपेला मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडं उभी होते. तो मित्र त्यांच्या खांद्यामागं, माझ्या जागी. विमान वळलं, चाकं खाली आली, आणि ते रस्त्याला टेकणार तेवढ्यात मला वाटलं, ह्याच्याही तोंडून काहीतरी चुकीचं निघावं. एवढंसं. मला सोबत होईल इतकं.

तसं झालं नाही. विमान आमच्यापुढं येऊन थांबलं. “बंद,” तो शांतपणे म्हणाला. शिट्टी उतरत उतरत विरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमान वळले, त्या सगळ्यांमधून त्यांनी मला शोधून काढलं आणि विमान सबंध आहे हे दाखवायला हात वर केला. इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी सिलिंडर उचललं आणि गाडीकडं चालू लागले.