कासवगाडीची तहान

चहा पाजलात ना? मग आता ऐकावंच लागेल. फक्त एक अट आहे. माझ्या घरी आलात, तर बायकोसमोर हा विषय काढायचा नाही. या गोष्टीवर ती तुमच्यापेक्षा जास्त हसते, आणि इतक्या वर्षांत तिचं हसू काही कमी झालेलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला कचेरीत कारकून होतो आणि राजापेठेत राहत होतो. बुडाखाली सायकल, तिचीही चेन दर चौकात उतरायची. पण राजापेठेत मला सगळे काय म्हणायचे? मोटरमास्तर!

का? तर वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं यायची आणि मी त्यातली मोटारींची पानं चाटून-पुसून वाचायचो. जगात कुठल्या देशात कुठली मोटार सगळ्यात जास्त खपते, हे मला आरतीसारखं पाठ. फ्रान्समध्ये छत्रीला चाकं लावावीत तशी एक गाडी. इटलीत कुंकवाच्या डबीएवढी. अमेरिकेत एकेक आपल्या ओसरीएवढी लांब! आणि या सगळ्यांना मागे टाकून देशोदेशी धावत सुटलेली जर्मनीची ती पाठीला पोक असलेली गाडी. तिचं नाव घेताना माझी जीभ दातांत अडकायची, म्हणून मी तिला कासवगाडी म्हणायचो. चहाच्या टपरीवर मी बोलायला लागलो की लोक कप हातात धरून ऐकायचे. आता, गाडी चालवणं सोडा, मी आयुष्यात मोटारीचं दारसुद्धा उघडलेलं नव्हतं. पण ते कोणी विचारलं तर सांगणार ना!

विचारलं एकीनंच. अकोल्याला मावसभावाचं लग्न होतं. पंगतीत माझं व्याख्यान चालू, शेजारचे चार पाहुणे जेवण विसरलेले. मठ्ठा वाढणारी एक मुलगी भांडं घेऊन समोर थांबली.

"एवढ्या मोटारी सांगून राहिले," ती म्हणाली, "तुमच्याकडं कोणती आहे?"

"सायकल."

"थे किती देशांत खपते?"

अख्खी पंगत हसली. मीही हसलो, आणि तिथेच माझा निकाल लागला. कुमुद तिचं नाव. तिथल्या वकीलसाहेबांची मुलगी. परत येताना आगगाडीत मी आईला सांगून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर सायकल घेऊन हिमालयात जाईन. आई म्हणाली, "चेन टिकली तं जाशीन."

मध्यस्थ फिरले, बोलणी लागली, आणि ऐन मे महिन्यात निरोप आला. वकीलसाहेब घर आणि मुलगा पाहायला येताहेत. सोबत कुमुदचे मामा, नुकतेच जर्मनीहून शिकून आलेले डॉक्टर.

इथं आमच्या बाबांविषयी सांगायला हवं. बाबा मूळचे नांदगाव खंडेश्वरचे शेतकरी. माझ्या नोकरीपायी राजापेठेत येऊन राहिले होते, पण डोक्यातला गोठा काही सुटला नव्हता. त्यांचा एक नियम होता. पाहुणा दारात आला की आधी त्याच्या बैलांना पाणी, मग पाहुण्याला. 'अमक्याच्या घरी गेलो अन् बैल तहानलेले परत आले,' हा त्यांच्या मते खानदानाला लागणारा सगळ्यात मोठा बट्टा होता.

तर त्या दिवशी सकाळी गल्लीत फटफट आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं, तर काय! कासवगाडी! जगभर गाजलेली, जिचं मासिकात एकदाच समोरून चित्र पाहिलेलं, ती पोकवाली गाडी आमच्या निंबाच्या झाडाशी उभी! डॉक्टरमामांनी ती जर्मनीहून बोटीवर घालून आणली होती.

मग काय विचारता! कुठं नोकरी, किती भावंडं, हे प्रश्न बाजूलाच राहिले. पाट मांडले, आमरस आला, कुरडया आल्या, आणि माझं तोंड सुटलं.

"जर्मनीत तर हीच, पण आता अमेरिकेतही हिनं बस्तान बसवलंय! मोठ्या मोठ्या गाड्या पाहत राहिल्या आणि ही खपत राहिली."

डॉक्टरमामा चकित झाले. "अहो, इतकी माहिती तर मला नाही. चालवलीय का तुम्ही?"

"चालवायची काय गरज?" मी कुरडई मोडत म्हणालो. "अभ्यास आहे."

वकीलसाहेबांनी मान डोलावली. पोरगा हुशार दिसतो, असं ती मान म्हणत होती. मी आणखी दोन वाट्या रस घेतला.

रस पोटात गेल्यावर पाहुण्यांचे डोळे मिटायला लागले. दोघंही आतल्या खोलीत आडवे झाले. एवढ्यात बाबांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

"पाहुण्याच्या गाडीले पाणी पाजलं का बे?"

"बाबा, ती मोटार आहे."

"मंग? मोटारीले तहान लागत नाही का? स्टँडवर डायवर डबे डबे पाणी ओतून राहिले, मी पाह्यलं नाही का? मोटरमास्तर म्हणवून घेतं, अन् थे बिचारी उन्हात तापून राहिली!"

खोटं बोलत होते का बाबा? तुम्ही वऱ्हाडातले असाल तर सांगा. मे महिन्यात आपल्याकडं कुठली मोटार पाणी प्यायल्याशिवाय दहा मैल गेली आहे? शिवाय मी मनात म्हटलं, मामा उठतील, त्यांना कळेल की मुलानं गाडीची काळजी घेतली. पसंतीवर शिक्कामोर्तबच!

उकाड्यामुळं काचा खाली होत्याच. मी आत हात घालून एक मूठ ओढली, तर पुढचं झाकण टक् करून सुटलं. उघडून पाहतो तो आत इंजिन कुठाय? स्टेपनी दिसली, आणि एक मोठा काळा लोखंडी डबा. डब्यावर गोल टोपण. इंजिन दिसत नव्हतं खरं. पण म्हटलं, जर्मन माणसं आहेत, व्यवस्थित झाकून ठेवलं असेल. टोपण काढलं तर पेट्रोलचा वास आला. आता मोटारीला पेट्रोलचा वास नाही येणार तर काय मोगऱ्याचा येणार?

विहिरीचं थंडगार पाणी, वरून फडक्यानं गाळून, मी हळूहळू ओतलं. बादली रिकामी झाली. बाबा शेजारी उभे राहून चक्क तिच्या पोकावर हात फिरवत होते. "तहानली होती वं माय," म्हणाले.

चार वाजता चहा झाला. वकीलसाहेब उठले, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कळवतो." पण हसून म्हणाले! आमच्याकडं हसून 'कळवतो' म्हणजे अर्धं लग्न झालंच समजा. आई दाराआड डोळे पुसायला लागली.

गाडी सुरू झाली. फटफटत गल्लीच्या तोंडाशी गेली, रस्त्याला लागली, आणि तिला ठसका लागला. एकदा, दोनदा. मग तिनं हाय खाल्ली आणि राजापेठेच्या भर रस्त्यात मटकन उभी राहिली.

मी धावलो. अख्खी राजापेठ धावली. पानवाला, शिंपी, झाडून सगळे! डॉक्टरमामा आत बसून किल्ली फिरवताहेत, गाडी नुसती घरघरतेय.

"मास्तर, पाहा नं काय झालं थे!" कोणीतरी ओरडलं.

आता सांगा, रोग्याच्या घरच्यांनी डॉक्टरकडं पाहावं तसा सगळा गाव माझ्याकडं पाहतोय, भावी सासरे खिडकीतून पाहताहेत, तेव्हा मी काय म्हणणार? मला नाही समजत म्हणू?

"काही नाही," मी बाह्या सरसावल्या. "उन्हाळा आहे. पाणी कमी पडलं."

शिंप्याच्या दुकानातून माठ आला. मी पुढचं झाकण उचललं, टोपण फिरवलं आणि गटगट ओतायला लागलो. झाकण उभं असल्यामुळं मामांना काही दिसत नव्हतं. शेवटी ते खाली उतरून आले.

"काय करताय तुम्ही?"

"पाणी घालतोय."

"कशात?"

"रेडिएटरमध्ये!"

मामांनी वाकून टोपणाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "या गाडीला रेडिएटर नसतो. इंजिन हवेवर थंड होतं. आणि ते मागं आहे."

"मागं? मग हे काय आहे?"

"पेट्रोलची टाकी."

माठ माझ्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, अजून काहीतरी सावरता येईल, म्हणावं की आत्ताच चुकून थोडंसं पडलं. तोंड उघडणार, एवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा आले. छाती पुढं, चेहऱ्यावर कौतुक!

"दुपारीबी पाजलं होतं, डॉक्टरसाहेब! बादलीभर! आमच्या दारातून कोणी तहानलेलं जात नाही!"

त्यावर राजापेठ जी हसली, ती थेट बडनेऱ्याला ऐकू गेली असेल. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कुमुद दिसायला लागली, दुसऱ्याच कोणाला तरी मठ्ठा वाढताना. लग्न गेलं, मी मनात म्हटलं. गेलंच!

गाडी ढकलत परत आमच्या दारात आणली. टाकी उतरवून रिकामी करायची, नळ्या साफ करायच्या, वाळवायच्या, म्हणजे पाहुण्यांचा मुक्काम आला. मी लाजेनं गच्चीवर जाऊन बसलो. खाली काय बोलणी मोडताहेत ते ऐकावं म्हणून कान लावला, तर बाबा आणि वकीलसाहेब बैलांच्या गप्पा मारत होते! वकीलसाहेबांचं लहानपण पातूरकडच्या खेड्यात गेलेलं. गोठ्याचा विषय निघाला आणि दोघांची गट्टीच जमली. दुसऱ्या दिवशी निघताना वकीलसाहेब बाबांना म्हणाले, "पोरगं येडं आहे. पण घर लाखाचं आहे."

आठवड्यानं निरोप आला. 'पोरीले सारं सांगितलं. तवापासून हसून राहिली. म्हणते, हाच पाहिजे.' मी त्या दिवशी सायकलची चेन तीनदा पडूनही कोणावर चिडलो नाही.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो ना! मी शपथ घेतली, यापुढं कुठल्याही मोटारीत पाण्याचा थेंब टाकणार नाही. आणि नुसती शपथ नाही, अभ्यासही केला! वर्षभर वाचनालयात बसून हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाविषयी मिळेल ते वाचून काढलं.

पुढच्या वैशाखात अकोल्याला लग्न लागलं. वरातीला डॉक्टरमामांनी आपली गाडी दिली नाही. का दिली नाही, ते तुम्हीच ओळखा. वकीलसाहेबांच्या एका अशिलाची लांबलचक अमेरिकन गाडी मिळाली. चालवायला कादरभाई. मागे मी मुंडावळ्या बांधून, शेजारी शालूत कुमुद, मान खाली.

अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडीच्या तोंडातून वाफ निघायला लागली. कादरभाईंनी गाडी थांबवली, डबा काढला.

"नवरदेव, दो मिनट बैठो. पानी डालना पडेगा."

पाणी! मी मुंडावळ्यांसकट उडी मारून गाडीसमोर आडवा उभा राहिलो.

"खबरदार! थेंबही टाकायचा नाही!"

"अरे भाई, इंजिन जल जाएगा!"

"मला नका शिकवू, कादरभाई! जग कुठं चाललंय माहीत आहे का? हवेवर थंड होतं इंजिन, हवेवर!" आणि मी त्यांच्या हातून डबा घेऊन सगळं पाणी बाभळीच्या मुळाशी ओतून टाकलं.

कादरभाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा कुमुदकडं पाहिलं. पण लग्नाच्या दिवशी नवरदेव म्हणजे राजा, त्याचा शब्द कोण मोडणार? ते निमूट बसले आणि गाडी हाकली. मैलभर गेली असेल. मग धाडकन आवाज झाला आणि गाडी कायमची थंड झाली.

कादरभाई उतरले, बाभळीच्या सावलीत रुमाल अंथरून बसले आणि मला म्हणाले, "अब हवा आने दो."

तासाभरानं एक बैलगाडी आली. कापसाच्या रिकाम्या गाडीत नवरदेव-नवरी बसलो. खडखड, खडखड. मी मान वर करेन तर शपथ. कुमुद सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. आता पदराआडून आवाज आला.

"अहो, ही गाडी किती देशांत खपते?"

पुढं रस्त्याकडेला विहीर दिसली. गाडीवानानं बैल सोडले, बादली भरली आणि त्यांच्याकडं निघाला. कुमुदनं घाईघाईनं त्याला हात करून थांबवलं, बैलांकडं बोट दाखवलं आणि माझ्याकडं वळून अगदी आदरानं विचारलं,

"यायले तरी पाजू द्याल नं पाणी?"