खरवडलेल्या रस्त्यावर

काका सकाळी डेअरीला दूध घालायला निघत, तेव्हा काकी मोटारसायकलवर मागे बसत, दोन्ही पाय डावीकडे टाकून. दुधाचा कॅन उजवीकडच्या हुकाला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला दूध, म्हणजे गाडी सरळ चालते, असा काकांचा हिशेब. दूध घालून झालं की दोघं औंधला बाजार करून परतत.

वाटेत रस्ता खराब लागला की काकी उतरत. ते सांगावं लागत नसे. काका वेग चालण्याइतका आणून ॲक्सिलरेटर सोडत, आणि इंजिनाचा आवाज पडताच काकी खाली उडी टाकत. खड्डे संपेपर्यंत चालत, मग पुन्हा बसत.

मी साताऱ्याच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो आणि सुटीत गावी आलो होतो. त्या सकाळी माझी गाडी त्यांच्या मागे होती. निघताना काकी म्हणाल्या, "आवं, जरा बेतानं. गाडी हाय, औत न्हाई."

"औताची बैलं गप चालत्यात. मागनं बोलत न्हाईत," काका म्हणाले.

काकी हसल्या. कॅनचं झाकण त्यांनी एकदा दाबून पाहिलं आणि बसल्या.

नवा थर टाकण्यासाठी ठेकेदाराने जुनं डांबर यंत्राने खरवडलं होतं. रस्त्याच्या लांबीने बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. फलक नव्हता. लांबून रस्ता सपाट दिसत होता, त्यामुळे काका नेहमीच्या वेगाने त्यावर गेले.

मागे वजन असल्याने पुढचं चाक हलकं झालेलं. ते एका खाचेत शिरलं, निसटलं, दुसरीत शिरलं. हँडल डावी-उजवीकडे फडफडू लागलं. काकांचे खांदे हलताना मला मागून दिसत होते. त्यांनी हँडल गच्च धरलं आणि ॲक्सिलरेटर सोडला. ब्रेक लावला असता तर चाक घसरलं असतं, म्हणून लावला नाही.

इंजिनाचा आवाज पडला. काकींनी साडी सावरली आणि उडी टाकली.

गाडी अजून वेगात होती. काकींचे पाय टेकले, पण अंग पुढे फेकलं गेलं आणि डोकं डांबरावर आपटलं. डावीकडचं वजन गेल्याबरोबर गाडी कॅनच्या बाजूला कलली आणि घसरत गेली. काका धडपडत उठले. खाचांमधून दूध वाहत होतं.

कराडच्या रुग्णालयात डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव असल्याचं सांगितलं. ऑपरेशन लगेच करू, पण खात्री देता येत नाही, असंही म्हणाले. काकींना आत नेलं. काकांचा हात गळ्यात बांधलेला होता. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "तोल जाऊन पडल्या का?"

"पडली न्हाई, सायेब. उतरली."

"चालत्या गाडीवरनं? काय तरी सांगू नका, काका."

"हँडल थरथरलं म्हणून मी आवाज पाडला. तिला वाटलं, मी थांबतोय."

हवालदार माझ्याकडे पाहू लागला. मी मान डोलावली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. काकी गेल्या होत्या. काका बाकावरून उठले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मधी शुद्धीवर आलती का?"

डॉक्टर नाही म्हणाले.

"म्हंजी तिला कळलंच न्हाई," काका म्हणाले, "मी थांबत नव्हतो ते."