प्रकल्पबाईंची किल्ली

मुलं पाठीमागे त्यांना प्रकल्पबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या नववीला प्रकल्प देत आल्या होत्या. थर्माकोलचे डोंगर आणि चकचकीत कागद त्यांच्याकडे चालत नसत. कुठे अन्याय होतो ते शोधा, मोजा, लिहा, आणि एकदा मोजलं की खोडायचं नाही, एवढाच त्यांचा नियम. मुलांनी बसथांब्यावर उन्हात ताटकळणाऱ्या बायका मोजल्या, चाकाच्या खुर्चीला न चढणाऱ्या पायऱ्या मोजल्या. गुण मिळाले, तक्ते माळ्यावर गेले, पायऱ्या होत्या तिथेच राहिल्या.

आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि बाईंना खरं तर सगळ्याचा वीट आला होता. म्हणून यंदा त्यांनी सोपा विषय दिला: शाळेत पाणी कोण कुठे पितं. लांब जायला नको, पालकांच्या चिठ्ठ्या नकोत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. टेबलावर चष्मेवालीचा तक्ता होता. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी. शेवटची ओळ अशी: 'सफाईच्या मावशी, संडासाबाहेरचा नळ. कारण फिल्टर शिक्षकांच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. किल्ली बाईंच्या पर्समध्ये.'

"एवढी ओळ काढून टाका," मुख्याध्यापक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "उद्या पाहुणे येतील. जाता जाता तुमची कशाला शोभा?"

कुलूप बाईंनीच आणलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, कप चोरीला जातात म्हणून. कप पुढे त्यांच्याच कपाटात सापडले. कुलूप मात्र राहून गेलं.

त्या वर्गात आल्या. भांडायचं त्राण नव्हतं. "शेवटच्या ओळीवर कागद चिकटव," त्यांनी सांगितलं.

चष्मेवालीने निमूटपणे डिंकाची बाटली उघडली. मग विचारलं, "बाई, कोणी विचारलं तर मोजलं नव्हतं म्हणून सांगू?"

बाईंना राग आला, पण मुलीचा नव्हे. जगाचा हिशेब मांडत त्या बावीस वर्षं हिंडल्या, आणि अंधार नेमका स्वतःच्याच दिव्याखाली. "राहू दे तशीच," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात मावशी फरशी पुसत होत्या. बाईंनी किल्ली पुढे केली. मावशींनी ओले हात पदराला पुसले, पण किल्ली घेतली नाही.

"नको बाई. उद्या एक चमचा इकडचा तिकडे झाला, तर माझ्यावरच यायचं."

"मग काय करू?"

"कुलूपच काढा की."

इतकी साधी गोष्ट बाईंना सुचली नव्हती, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी कुलूप काढलं. मावशी आत आल्या, पेला भरला आणि दाराकडे बघत उभ्याउभ्याच घाईने प्यायल्या.

"बसा की, मावशी."

"बसेन हळूहळू," मावशी पेला विसळत म्हणाल्या. "तुम्ही अजून चार महिने आहात ना?"

बाई वर्गात परतल्या, डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं आणि दोरा मागितला. किल्लीसकट ते कुलूप त्यांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली घट्ट बांधलं, आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली.