जिन्यावरची बाई

निवृत्त झाल्यापासून आमचे हे दुपारी जुने युरोपियन गुन्हेपट बघत बसतात. आजच्या चित्रपटात एक बाई जिना उतरता उतरता मागे वळली, किंचाळली आणि मेली. एवढंच तिचं काम. नायिका तर अजून यायची होती. पण ह्यांनी ती किंकाळी परत परत मागे नेऊन ऐकली. "काय आवाज आहे!" म्हणाले, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव शोधू लागले.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या. इतकी वर्षं मी स्वयंपाकघरातून हाका मारते आहे, त्यातली एक तरी ह्यांना पुन्हा ऐकावीशी वाटली का? की आवाज कानात शिरायला बाईने मरायलाच हवं? तिच्या देशातही आता तिला कुणी ओळखत नसेल, आणि माझ्या घरात मात्र तिच्या नावाचा शोध चाललाय.

कुठेशी वाचलेलं मला ऐन वेळी आठवलं. "अहो, तिकडे तेव्हा आवाज नंतर भरायचे. ही नुसतं तोंड उघडते. किंकाळी दुसऱ्याच बाईची असणार."

हे सरसावून बसले. "हो? कोण गं ती?"

एक सवत घालवायला गेले आणि दुसरी घरात घेऊन आले.