बहिणीच्या घरचा गहू

आमच्या गावात विश्वास ठेवणाऱ्याला भोळा म्हणतात, आणि भोळ्याला कुणी मुलगी देत नाही. गाव जगतं धान्याच्या बाजारावर. गहू विकणारा काट्यावर संशय घेतो, विकत घेणारा पोत्यावर, आणि दोघं मिळून हमालावर. या सगळ्यांच्या वतीने पगार घेऊन संशय घेतो तो माझा मामा. टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसायची आणि मधला, तळचा गहू बाहेर काढून बघायचा, हे त्याचं काम. वर चांगला माल आणि खाली किडका, ही युक्ती इथे जुनीच आहे. बाजार त्याला टोच्या म्हणतो.

मामा घरीही टोच्याच. टरबूज दुकानातच कापून घेतो. एका डॉक्टरची गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मग गिळतो. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतील, हा पाणीसुद्धा फुंकेल! लग्नाचा विषय निघाला की मुलीकडच्यांचं कुठे पाणी मुरतंय ते शोधत बसायचा. तसाच पन्नाशीला टेकला. त्याची आई लवकर गेली, म्हणून त्याला वाढवलं ते माझ्या आईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने. आजही तो आमच्याकडेच जेवतो, आणि तिने वाढलेलं मात्र ताटात न बघता खातो. आईला याचं कोण कौतुक. “अख्ख्या जगात त्याला मी एकटीच खरी वाटते,” म्हणायची.

यंदा एका व्यापाऱ्याने कुजबुज सुरू केली, की टोच्या मेव्हण्याची, म्हणजे माझ्या बाबांची, पोती न टोचताच पुढे सोडतो. कुंपणच शेत खातंय. मामाच्या कानावर गेलं. त्याने भर बाजारात सांगून टाकलं, दाजींचं एकेक पोतं टोचणार.

बाबा घरी धुमसत होते. “म्हणजे मला चोर ठरवलं की!”

“करू द्या हो त्याला,” आई म्हणाली. “ते लोकांसाठी आहे.”

बाबांनी गहू विकायला नेला त्या दिवशी आईही बाजारात आली. मामाने प्रत्येक पोतं वर, मध्ये, तळाशी टोचलं. गहू स्वच्छ निघाला. तो व्यापारी हसला.

“नळी घरची, पोती घरची. कुठे टोचायचं नाही ते ठाऊक असणारच!”

मामाचा चेहरा उतरला. मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आईच पुढे झाली. “ताडपत्री अंथरा,” ती हमालांना म्हणाली, “आणि सगळी पोती ओता.”

कमरेइतका ढीग झाला. व्यापारी भोवती फिरला, ठिकठिकाणी उकरून पाहिलं, दाणे चावले. शेवटी नाइलाजाने मान हलवून भाव ठरवला आणि चालता झाला. बघेही पांगले. बाबा काट्याकडे गेले. आई ताठ मानेने मामाकडे वळली.

मामा ढिगाशी गुडघे टेकून बसला होता. कोपरापर्यंत हात आत घालून त्याने तळचे मूठभर दाणे काढले आणि उजेडात धरून बघू लागला.

“अरे, आता कुणासाठी?” आईने विचारलं. “गेले की सगळे.”

मामाने मूठ मिटली. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

“माझ्यासाठी, ताई.”

आईने त्याच्या मिटल्या मुठीकडे बघितलं.

“निघालं का काही?” तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात मामासाठी पहिल्यांदाच माया नव्हती.