उघाडीतला कचरा

"कोनी काढला रं? उघाडीतला पेंढा कोनी काढला?"

त्या गावातल्या एका मावशीचा आवाज असा, की तिकडे गडब गावाजवळ हायवेवर एसट्यांनी ब्रेक मारले असतील. पेणच्या बाजारात भाजी विकून ती नुकती परत आली होती. डोक्यावरची रिकामी पाटी तिने बांधावरच भिरकावली आणि लुगडं खोचत आमच्या अंगावर धावत आली. आम्ही म्हणजे नववीची चाळीस मुलंमुली आणि त्यांचा सर, अर्थात मी. खाडीकाठच्या त्या गावात सकाळभर समाजसेवा करून देवळाच्या ओट्यावर आम्ही वडापाव खात बसलो होतो. पुण्य केल्याचा ठसका चटणीपेक्षा जास्त होता.

"आम्हीच काढला, मावशी," मी उठून उभा राहिलो. शाबासकी घ्यायला, दुसरं काय! "सगळा कचरा साफ. सोळा गोणी भरून टेम्पो पेणला पाठवला."

तिने कपाळावर हात मारला नाही. नुसतं खाडीकडे बोट केलं. "आज उधान हाय, मास्तर. भरती लागली."

उघाडी म्हणजे खाडीकाठच्या बांधातली लाकडी झडप. ती पावसाचं पाणी शेतातून खाडीत सोडते आणि भरतीचं पाणी आत येऊ देत नाही. ही झडप म्हातारी, तिच्या कडेने हात जाईल एवढ्या फटी. म्हणून गावची माणसं त्या फटींत पेंढा, चिखल, फाटकी जाळी, गोणपाट ठासून ठेवतात. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल, पण त्याला विचारायला हवं होतं. स्वच्छता करायला कोणाला काय विचारायचं? आणि मी रोह्याचा. आमच्या घरामागची नदी आपली एकाच दिशेने जाते. पाणी उलटं फिरतं हे मी भूगोलात वीस वर्षं शिकवलं होतं. पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पाहिलं.

बांधावर पोचलो तेव्हा झडपेच्या कडेने खारं पाणी आत उसळत होतं. झडपेच्या कडेचं ते भोक माझ्या सांगण्यात दरवर्षी वाढत गेलंय. पहिल्या वर्षी घागरीएवढं होतं, आता त्यातून टेम्पो सहज जातो. खरं म्हणाल तर माझं डोकं मावलं असतं, आणि त्या क्षणी ते तिथेच कोंबावं असं मला वाटलं. कारण पाण्यासमोर पहिलंच शेत मावशीचं होतं. नवऱ्यामागे तिने एकटीने लावलेलं, नुकतं फुलोऱ्यावर आलेलं. त्यात खारं शिरलं की हे पीक जातंच, पुढची सालंही जातात. हे मला तिने सांगितलं नाही. ती एवढंच म्हणत होती, "माजा भात रं, माजा भात."

भीती वाटली की माझी जीभ सैल सुटते. त्या दिवशीही मी नुसताच "माती टाका, माती टाका" ओरडत सुटलो. मुलांनी ढेकळं टाकायला सुरुवात केली. पाण्याने ती साखरेसारखी खाल्ली. आवाज मात्र भलता होता, आत कोणीतरी घोरत असल्यासारखा, आणि दर मिनिटाला तो जाड होत होता.

"सर, नुसती माती नाय धरायची," मागून एक मुलगी म्हणाली. घरी गणपतीचा कारखाना, वर्गात कायम शेवटच्या बाकावर. "काथ्या पायजे."

"आता काथ्या कुठून आणू, तुझ्या कारखान्यातून?" मी ओरडलो.

"पेंढा हाय ना मावशीच्या गुरांच्या वाड्यात!"

मुलं धावली, गुरांचा पेंढा उचलून आणला. ती मुलगी चिखलात उतरली आणि पेंढा पायाने तुडवून मळायला लागली, मूर्तीची माती मळावी तशी. भरायला गोणी नव्हत्या. त्या आम्हीच पेणला पाठवल्या होत्या ना! मग दप्तरं रिकामी झाली. दप्तरं संपल्यावर मुलांनी आमच्या मोहिमेचा फ्लेक्स ओढला. त्यावर माझा हात जोडलेला हसरा फोटो होता. त्यात चिखल गुंडाळून मला भोकात ठासलं, तोंड खाडीकडे करून.

"ठास गो, पोरी, ठास! हात नको घालूस, पायानं!" मावशी वरून ओरडत होती.

आता पुढचं मी वाढवून सांगत नाही. त्या मुलीचा पाय फटीत ओढला गेला. तिने माझ्याकडे बघितलं. पाणी तिच्या कमरेला. मी तिचं मनगट धरलं, मावशीने माझा शर्ट, आणि मागे अख्खी नववी. किती वेळ, ते माहीत नाही. पाय सुटला तेव्हा चप्पल आतच राहिली. ती चप्पल आणि माझा फोटो, दोघांनी मिळून भोक धरलं. आवाज बारीक झाला, मग झिरपल्यासारखा.

भरती उतरेपर्यंत चाळीस मुलं बांधावर बसून त्या भोकावर नजर ठेवून होती. वीस वर्षांत एवढं लक्ष देणारा वर्ग मी पाहिला नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मी जाहीर केलं, आपल्या विद्यार्थ्यांनी एका गावाचा बांध वाचवला. टाळ्या पडल्या. पेंढा कोणी काढायला लावला ते मी सांगितलं नाही. शेवटच्या रांगेतून ती मुलगी माझ्याकडे बघत होती. टाळ्या वाजवत नव्हती.

आठ दिवसांनी मी तिला घेऊन परत गेलो. झडपेत नवा पेंढा होता. शेताच्या खालच्या कोपऱ्यात चार-पाच ओळींएवढी पात टोकाला पिवळी पडली होती. ती पावसाने की खाऱ्याने, मला कळेना. मावशी बांधावर गवत कापत बसली होती. मी आवाजात जेवढा मावला तेवढा उत्साह भरला.

"मावशी, वाचलं ना भात?"

तिने विळा थांबवला नाही.

"कापनीला कलंल."